कुंपणच शेत खाते तेव्हा : मल्टिपल स्क्लेरोसिस आणि रोगप्रतिकारक पेशी

'रोगप्रतिकारक शक्ती वाढवा' हा सल्ला २०२० च्या करोना महासाथीपासून आपल्या कानांवर सतत पडत आला आहे. ही शक्ती म्हणजे जणू टाकीतले पाणी. ते जितके अधिक तितके बरे, असा समज त्यातून रूढ झाला. काढे, चूर्णे आणि गोळ्या यांची विक्री याच समजावर चालते. परंतु असे अनेक विकार आहेत की ज्यांत शरीराची हानी बाहेरून आलेला जंतू करत नाही, शरीराचे संरक्षकच करतात. कुंपणानेच शेत खाण्याचा हा प्रकार. वैद्यकशास्त्र त्याला स्वयंप्रतिकार विकार म्हणते. मेंदू आणि मज्जारज्जू यांवर आघात करणारा मल्टिपल स्क्लेरोसिस हा त्यांपैकी एक महत्त्वाचा विकार. या रोगाच्या संशोधनाचा इतिहास पाहिला, तर रोगप्रतिकारक शक्ती 'कमी' की 'जास्त' हा प्रश्नच अपुरा आहे, हे लक्षात येते. खरा प्रश्न असतो तो कोणती पेशी, कोणत्या ठिकाणी आणि कोणत्या वेळी काय करते, हा.

डॉक्टर आणि रुग्ण या विकाराला थोडक्यात 'एमएस' म्हणतात. एमएसच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२३ मध्ये केलेल्या मोजदादीनुसार जगात सुमारे २९ लाख लोक या विकारासह जगत आहेत. बहुतेकांना तो वीस ते चाळीस या वयात, म्हणजे शिक्षण, नोकरी, संसार यांची घडी बसत असतानाच गाठतो. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या किमान दुप्पट आहे. उत्तर युरोप व उत्तर अमेरिकेच्या मानाने भारतात तो कमी आढळतो. मात्र मुंबईचे ख्यातनाम मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून पारशी समाजात हे प्रमाण इतर भारतीयांपेक्षा बरेच अधिक असल्याचे पुढे आले होते. एमआरआयची सोय शहरोशहरी झाल्यापासून पूर्वी निदानाविना राहणारे रुग्णही आता ओळखले जाऊ लागले आहेत.

आवरण गेले की संदेश अडतो

विजेच्या तारेवर जसे रबराचे किंवा प्लॅस्टिकचे वेष्टन असते, तसे आपल्या बऱ्याच मज्जातंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. वेष्टनाचे काम तारेचे रक्षण एवढेच असते. मायलिन त्याहून अधिक काही करते. या आवरणात ठरावीक अंतरावर खंड असतात आणि विद्युतसंदेश एका खंडावरून दुसऱ्या खंडावर उड्या घेत जातो. त्यामुळे जाड आवरणाच्या तंतूत संदेशाचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या घरात जाऊ शकतो, तर आवरण नसलेल्या बारीक तंतूत तो साधारण एक मीटरच असतो. आवरण फाटले की संदेश मंदावतो, विस्कळीत होतो किंवा वाटेतच थांबतो.

फाटलेली जागा कोणती, त्यावर लक्षण अवलंबून असते. डोळ्याच्या मज्जातंतूवर घाला पडला तर दृष्टी धूसर होते आणि डोळा हलवताना दुखतो. मज्जारज्जूत पडला तर पायांना मुंग्या येतात, बळ कमी होते, लघवीवरील ताबा सुटतो. लहान मेंदूशी संबंधित भागात पडला तर तोल जातो. बहुसंख्य रुग्णांत आरंभी हा रोग काही दिवसांत उचल खातो, पुढे काही आठवड्यांत ओसरतो आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी नव्या ठिकाणी प्रकट होतो. ओसरल्यामुळे बरे वाटते, आणि तेथेच निदान लांबते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील झाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या लक्षणांची सांगड मृत रुग्णांच्या मेंदूत दिसणाऱ्या कठीण चट्ट्यांशी घातली. 'अनेक ठिकाणी आलेला कठीणपणा' हाच मल्टिपल स्क्लेरोसिस या नावाचा अर्थ.

रेबीजच्या लशीतून मिळालेला धागा

चट्टे दिसले, पण ते कोण पाडते? याचा पहिला धागा अनपेक्षित ठिकाणी सापडला. पाश्चर यांनी १८८५ मध्ये आणलेली रेबीजची लस सशाच्या मज्जारज्जूपासून बनवली जाई. भारतात डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये कसौली येथे विकसित केलेली लस मेंढीच्या मेंदूपासून होत असे. कुत्रा चावल्यावर पोटात घ्यावी लागणारी ती चौदा इंजेक्शने मागच्या पिढीला चांगली आठवत असतील. या लशींनी असंख्य जीव वाचवले. पण क्वचित एखाद्याला लस घेतल्यावर काही दिवसांनी पक्षाघात होई. तो रेबीजच्या विषाणूमुळे नव्हता. लशीबरोबर टोचल्या गेलेल्या मेंदूच्या अंशाविरुद्ध शरीर पेटून उठे आणि त्या भरात स्वतःच्या मायलिनवरही हल्ला करी. हा आजार म्हणजे एमएस नव्हे, पण त्याचे नाते जवळचे. अशा मेंदूजन्य लशीचे उत्पादन भारतात २००५ च्या सुमारास थांबले आणि पेशीसंवर्धनातून बनवलेल्या सुरक्षित लशी आल्या.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील टॉमस रिव्हर्स यांनी १९३३ ते १९३५ या काळात हा धागा प्रयोगशाळेत नेला. निरोगी सशांच्या मेंदूचा अर्क माकडांना अनेक महिने वारंवार टोचल्यावर काहींना पक्षाघात झाला आणि त्यांच्या मेंदूत मायलिन नष्ट झालेल्या जागा आढळल्या. जंतू नाही, विष नाही, तरीही मेंदूवर हल्ला! पुढे १९६० मध्ये फिलिप पॅटरसन यांनी आजारी उंदरांच्या लसिकाग्रंथींतील पेशी निरोगी उंदरांत सोडल्या, तेव्हा त्यांनाही तो आजार जडला. प्रतिपिंडे असलेला रक्तद्रव दिल्याने मात्र असे घडत नसे. म्हणजे गुन्हेगार पेशीच असली पाहिजे. संशय गेला तो टी पेशींवर.

टी पेशींचा प्रवास

टी पेशी छातीतील थायमस ग्रंथीत तयार होतात. तेथे त्यांची जणू परीक्षाच घेतली जाते. स्वतःच्या शरीरातील घटकांवर जोमाने तुटून पडणाऱ्या पेशी तेथेच मारल्या जातात. पण ही चाळणी पूर्ण बारीक नाही. मायलिनला ओळखणाऱ्या काही टी पेशी निरोगी माणसांच्या रक्तातही फिरत असतात आणि जन्मभर काही करत नाहीत. रोग होण्यासाठी त्यांना कोणीतरी जागे करावे लागते.

हे जागे करणे मेंदूबाहेर, लसिकाग्रंथींत घडते. तेथे दुसरी एखादी पेशी प्रथिनाचा तुकडा आपल्या पृष्ठभागावर धरून टी पेशीला दाखवते. हा तुकडा ज्या रेणूवर धरला जातो, त्याची घडण प्रत्येकाच्या जनुकांनुसार वेगळी असते. त्यांतील डीआरबी१ जनुकाचा एक विशिष्ट प्रकार वारशाने आलेल्या व्यक्तीला एमएसचा धोका सुमारे तिप्पट असतो. तरीही असा वारसा असलेल्या बहुसंख्य लोकांना हा रोग कधीच होत नाही.

जागी झालेली टी पेशी रक्तातून मेंदूपर्यंत पोचते, पण मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतर अवयवांपेक्षा अधिक घट्ट असतात. ही भिंत ओलांडण्यासाठी पेशीच्या अंगावर अल्फा-४ इंटिग्रिन नावाचा आकड्यासारखा रेणू असतो. त्याच्या साहाय्याने ती भिंतीला चिकटते आणि आत शिरते. आत तिला तोच ओळखीचा तुकडा पुन्हा दिसला की ती रासायनिक संदेश सोडते. भक्षक पेशी धावून येतात आणि मायलिन सोलून खातात. प्रयोगातल्या प्राण्यांत 'साहाय्यक' टी पेशी आघाडीवर दिसतात. मानवी चट्ट्यांत मात्र थेट पेशी मारणाऱ्या 'सीडी ८' जातीच्या टी पेशीच अनेकदा संख्येने अधिक आढळतात. उंदराचा आजार हा माणसाच्या आजाराचा हुबेहूब नमुना नाही, याची ही पहिली सूचना होती.

औषधांनी शिकवलेले धडे

त्यानंतरचे बरेचसे ज्ञान औषधांनी दिले. कोणती पेशी अडवली असता रोग थांबतो आणि कोणती अडवली असता तो बळावतो, याचा पडताळा रुग्णांवरील चाचण्यांतूनच मिळाला. १९८७ मध्ये गॅमा इंटरफेरॉन हे रोगप्रतिकारक पेशींना चेतवणारे द्रव्य १८ रुग्णांना देऊन पाहण्यात आले. त्यांपैकी ७ जणांच्या रोगाने उपचार चालू असतानाच उचल खाल्ली आणि तो प्रयोग सोडून द्यावा लागला. प्रतिकारशक्ती 'वाढवण्या'चा या रोगात काय परिणाम होऊ शकतो, याचा याहून स्पष्ट दाखला क्वचितच मिळेल. त्याच्याच कुळातील बीटा इंटरफेरॉनने मात्र रोगाची उचल कमी केली आणि १९९३ मध्ये अमेरिकेत ते एमएसवरील पहिले मान्यताप्राप्त औषध ठरले.

दुसरा धडा नॅटालिझुमॅबचा. हे औषध टी पेशीचा तो आकडाच झाकून टाकते. पेशी रक्तात राहते, पण मेंदूत शिरू शकत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्यामुळे रोगाची उचल ६८ टक्क्यांनी घटली. टी पेशींच्या मेंदूप्रवेशावरच रोगाची उचल अवलंबून असते, हे त्यातून सिद्ध झाल्यासारखे झाले. पण नोव्हेंबर २००४ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध फेब्रुवारी २००५ मध्येच बाजारातून मागे घ्यावे लागले होते. काही रुग्णांच्या मेंदूत जेसी नावाचा विषाणू माजला होता. हा विषाणू बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात निद्रिस्त असतो, कारण गस्त घालणाऱ्या टी पेशी त्याला डोके वर काढू देत नाहीत. गस्तच बंद झाल्यावर त्याला मोकळे रान मिळाले. २००६ मध्ये औषध कडक अटींसह परत आले. आता त्याआधी आणि नंतरही ठरावीक काळाने या विषाणूसाठी रक्ततपासणी केली जाते. कुंपण शेत खाते हे खरे. पण कुंपण उपटून टाकले तर शेत रानडुकरे खातात, हेही तितकेच खरे.

२०१० मध्ये आलेले फिंगोलिमॉड हे तोंडाने घेण्याचे पहिले औषध. कीटकांवर वाढणाऱ्या एका बुरशीतील द्रव्यावरून ते जपानमध्ये घडवण्यात आले. ते टी व बी पेशींना मारत नाही, तर लसिकाग्रंथींतून बाहेर पडू देत नाही.

बी पेशींनी दिलेला धक्का

सर्वांत मोठा धक्का बी पेशींनी दिला. या पेशींचे परिचित काम म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींना जन्म देणे. एल्विन काबाट यांनी १९४२ मध्येच एमएसच्या रुग्णांच्या मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात प्रतिपिंडांचे प्रमाण वाढलेले दाखवले होते आणि पाठीतून पाणी काढून केली जाणारी ही तपासणी आजही निदानास मदत करते. तरीही टी पेशीच मुख्य आणि बी पेशी दुय्यम, अशीच बहुतेकांची धारणा होती.

सॅन फ्रान्सिस्को येथील स्टीफन हाउसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्ताच्या कर्करोगावरील रिटुक्सिमॅब हे औषध १०४ रुग्णांच्या चाचणीत वापरले. हे औषध सीडी २० हे चिन्ह असलेल्या बी पेशी नष्ट करते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एमआरआयमध्ये दिसणाऱ्या नव्या, पेटत्या चट्ट्यांचे प्रमाण ९१ टक्क्यांनी कमी झाले. त्यात एक कोडे होते. प्लाझ्मा पेशींवर सीडी २० हे चिन्ह नसते, त्यामुळे त्या वाचतात आणि शरीरातील प्रतिपिंडे फारशी घटत नाहीत. मग काही आठवड्यांतच गुण आला कसा?

उत्तर असे की बी पेशींचा अपराध प्रतिपिंडांपुरता नव्हता. त्या स्वतःच प्रथिनांचे तुकडे टी पेशींना दाखवून त्यांना चेतवतात आणि दाह वाढवणारी द्रव्ये सोडतात. टी पेशी हल्ला करतात, पण त्यांना भर देण्यात बी पेशींचा मोठा हात असतो. याच सुमारास अटासिसेप्ट या दुसऱ्या औषधाने उलटे चित्र दाखवले. तेही बी पेशींवरच, पण त्यांच्या वाढीच्या वेगळ्या टप्प्यांवर काम करणारे. त्याने रोगाची उचल वाढली आणि २००९ मध्ये चाचणी थांबवावी लागली. म्हणजे सगळ्या बी पेशीही सारख्या नाहीत. काही दाह शमवणाऱ्याही असतात. २०१७ मध्ये ऑक्रेलिझुमॅबला आणि २०२० मध्ये रुग्णाला घरी स्वतः टोचून घेता येणाऱ्या ऑफाटुमुमॅबला अमेरिकेत मान्यता मिळाली. ही दोन्ही औषधे सीडी २० वरच नेम धरतात.

बी पेशींवरील संशय २०२२ मध्ये आणखी गडद झाला. अमेरिकी सैन्यदलातील एक कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदी आणि साठवलेले रक्तनमुने हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी तपासले. त्यांपैकी ९५५ जणांना सेवाकाळात एमएस झाला होता. एपस्टाइन-बार या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर रोगाचा धोका ३२ पट वाढतो, असे त्यातून दिसले. हा विषाणू बी पेशींतच आयुष्यभर मुक्काम करतो. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवले की काही रुग्णांतील प्रतिपिंडे या विषाणूचे एक प्रथिन आणि मेंदूतील ग्लायलकॅम हे प्रथिन, दोन्हींना चिकटतात. चोराचा चेहरा घरातल्या माणसाशी मिळताजुळता असल्यामुळे पहारेकऱ्याची गफलत व्हावी, तसा हा प्रकार. मात्र नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांना या विषाणूचा संसर्ग कधी ना कधी झालेलाच असतो. त्यामुळे विषाणू हे रोगाचे आवश्यक कारण असले, तरी पुरेसे कारण नव्हे.

आतली धग

एवढी प्रभावी औषधे हाती असताना रोग पूर्ण थांबत का नाही? अनेक रुग्णांत काही वर्षांनी उचल थांबते, पण अपंगत्व हळूहळू वाढतच जाते. काहींत तर रोग सुरुवातीपासूनच असा चढत जातो. या रुग्णांसाठी मान्यता मिळालेले पहिले औषध ऑक्रेलिझुमॅबच. पण अपंगत्व वाढण्याचा धोका त्याने २४ टक्क्यांनीच घटला.

याचे कारण असे, की आतापर्यंतची बहुतेक औषधे बाहेरून मेंदूत घुसणाऱ्या पेशींना आवरतात. मेंदूचे स्वतःचे रक्षक वेगळे. त्यांना मायक्रोग्लिया म्हणतात. निखारे राखेखाली धुमसत राहावेत, तशा या पेशी जुन्या चट्ट्यांच्या कडेने वर्षानुवर्षे चेतलेल्या राहतात आणि चट्टा हळूहळू पसरतो. लोहाने भरलेल्या अशा कडा आता विशेष प्रकारच्या एमआरआयमध्ये दिसू शकतात. मात्र याच मायक्रोग्लिया फाटलेल्या मायलिनचा कचरा साफ करतात आणि तो साफ झाल्याशिवाय नवे आवरण चढत नाही. त्यांना सरसकट मारून चालणार नाही. मेंदूत शिरून या पेशींना शांत करू पाहणाऱ्या टोलेब्रुटिनिब या गोळीने, उचल थांबूनही रोग वाढत असलेल्या रुग्णांत, अपंगत्व वाढण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी केल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वेळी काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचेही आढळले.

रोगप्रतिकारक यंत्रणेत लगाम घालणाऱ्या पेशीही असतात. नियामक टी पेशी इतर पेशींना स्वतःच्या शरीरावर हल्ला करण्यापासून रोखतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्यांची ओळख पटवली. या शोधासाठी त्यांना, मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह, २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. एमएसच्या रुग्णांत या पेशींची लगाम घालण्याची ताकद उणी पडते, असे काही अभ्यासांत दिसले आहे. हल्लेखोरांना मारण्याऐवजी लगाम घट्ट करता येईल काय, या दिशेने आता संशोधन चालू आहे.

रुग्णाच्या दृष्टीने

पेशींची ही सारी कथा रुग्णाच्या रोजच्या जीवनाशी थेट निगडित आहे. पेटता दाह पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असतो आणि औषधेही तेव्हाच सर्वाधिक उपयोगी पडतात. एकदा तंतू तुटला की तो जोडणारे औषध अद्याप नाही. म्हणून एका डोळ्याची दृष्टी अचानक धूसर होणे, हातापायांना आलेला बधिरपणा दिवसेंदिवस टिकणे, तोल जाणे अशी लक्षणे आपोआप ओसरली, तरी मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला घेणे श्रेयस्कर. अशी लक्षणे जीवनसत्त्वांच्या अभावापासून इतर अनेक कारणांनी होऊ शकतात; पण कारण कोणते, हे तपासणीनेच ठरते.

खर्च हा मोठा प्रश्न आहे. त्यात थोडा दिलासा असा की रिटुक्सिमॅबची भारतीय आवृत्ती २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने आणली आणि मूळ औषधापेक्षा स्वस्त पर्याय उपलब्ध झाला. या औषधाला एमएससाठी स्वतंत्र मान्यता नसली, तरी तज्ज्ञ ते वापरतात. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एमएससाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत प्रथमच तीन औषधे घेतली, त्यांत तेही आहे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश असल्याने प्रमाणपत्र व सवलतींचा मार्गही खुला झाला आहे.

या औषधांवर असताना जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. काविळीच्या 'बी' विषाणूची आणि क्षयाची तपासणी तसेच आवश्यक त्या लशी उपचार सुरू होण्यापूर्वीच उरकणे म्हणूनच गरजेचे असते. प्रतिकारशक्ती 'वाढवण्या'साठी शेजारी किंवा नातेवाईक प्रेमाने सुचवतील ते काढे आणि गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत; या रोगात प्रतिकारशक्ती दुबळी पडलेली नसते, तिची दिशा चुकलेली असते. नव्वद वर्षांच्या संशोधनाने ही चूक कोणत्या पेशीकडून, कोणत्या वळणावर होते, हे बरेचसे उलगडले आहे. त्या उलगड्याचा लाभ रुग्णाला किती होईल, हे तो उपचारांपर्यंत किती लवकर पोचतो, यावरच ठरणार आहे.